दुसरी पाती

खिळ्या चौदा, बटणं एकवीस, लाकडी ठोकळे दोन आणि त्या ठोकळ्यांवर मेणात बसवलेल्या, हवेने वाजणाऱ्या पोलादी पात्या चौऱ्याऐंशी. इंद्रभानने उघडल्या उघडल्या मोजून घेतलं. आधी मोजलं की बंद करताना काही उरत नाही आणि काही हरवत नाही, हा त्याचा छत्तीस वर्षांचा नेम. एरवी समोर हार्मोनियम असे. आज डेन्मार्कहून आलेलं अकॉर्डियन होतं, म्हणून त्याने पुन्हा एकदा मोजलं. चौऱ्याऐंशीच. शिवाय एका पातीखाली अडकलेला सोयाबीनच्या भुशाचा कण, एक.

कण चिमट्याने निघाला. काल संध्याकाळी वाजवणं संपता संपता मुकं झालेलं बटण बोलायला लागलं. भिंतीवरच्या घड्याळात सव्वानऊ झाले होते आणि सांगितलेलं काम संपलं होतं.

अकॉर्डियनची मालकीण सकाळीच लोणारला गेली होती, सरोवराच्या काठावर पक्ष्यांचे आवाज टिपायला. पाचपर्यंत येते म्हणाली होती. तिचं नाव मेटे. काल दुपारी ती डोणगावच्या स्टँडवर उतरली तेव्हा शेजारच्या रंगरावने ते आडनाव समजून लगेच निकाल दिला होता, “मेटे? मंग त बीडकडची असन. पन एवढी गोरी काऊन बे?”

ती आपल्या देशात लोकसंगीत वाजवायची. हार्मोनियम वाजवणाऱ्यांचं ऐकावं, त्यांच्याकडून शिकावं म्हणून महिनाभर या भागात फिरत होती आणि मेहकरच्या एका दुकानदाराने तिला इंद्रभानचं घर सांगितलं होतं. उद्या आश्विन पौर्णिमा, वर्षावासाचा, म्हणजे भिक्खूंच्या पावसाळी मुक्कामाचा, शेवट. विहारात संध्याकाळी सहाला कार्यक्रम होता. त्यात ती इंद्रभानच्या मंडळाबरोबर वाजवणार होती आणि परवा शेगावहून गाडी धरणार होती.

काल चहा पिताना इंद्रभानने विचारलं होतं, “पन हे बाई नेमकं करते तरी काय?” त्याची मुलगी धम्मशीला मेहकरच्या कॉलेजात फिजिक्सच्या प्रयोगशाळेत कामाला होती. तिने इंग्रजीतून विचारलं आणि उत्तर मराठीत आणलं. उत्तर लांबलं. मेटे गावोगावच्या नाचांना वाजवते. बाहुल्यांच्या खेळांना संगीत देते. दोनशे वर्षांपूर्वीच्या वाजवणाऱ्यांच्या वह्यांतून विसरलेल्या चाली शोधते. समुद्राकाठच्या तारेच्या कुंपणात वारा कसा वाजतो ते रेकॉर्ड करते. लाकडावर चित्रं कोरून गाण्यांच्या पुस्तिका स्वतः छापते. आणि दर मंगळवारी स्मृती गेलेल्या म्हाताऱ्यांच्या आश्रमात जाते, त्यांच्याबरोबर जुनी गाणी म्हणते. स्वतःच्या लेकरांची नावं आठवत नाहीत अशा माणसांना कडवीच्या कडवी आठवतात म्हणे.

“म्हंजे माह्यासारखंच,” इंद्रभान म्हणाला.

“घ्या,” त्याची बायको केसरबाई हसली. “निंघाले हे डेन्मार्कले.”

पण तो थट्टेत बोलला नव्हता. एकतीस वर्षं त्याने ग्रामपंचायतीचे व्हॉल्व्ह फिरवून गावाला पाणी सोडलं होतं. उरलेल्या वेळात पेट्या दुरुस्त केल्या, जयंतीची गाणी रचली, लसीकरणाचं एक रचलं, सासरी निघालेल्या कितीतरी पोरींसाठी एकेक रचलं, शाळेच्या पोरांना चाली बसवून दिल्या. काय करता म्हणून कोणी विचारलं तर तो ‘पाणीवाला’ एवढंच सांगायचा. बाकीच्यालाही काही नाव असेल असं त्याला वाटलं नव्हतं.

नंतर त्याने मेटेला खुणेने सांगून प्रत्येक बटण खालून वर, भाता दाबताना आणि ओढताना, लांब धरून वाजवायला लावलं. बेचाळीस सूर. धम्मशीलाने मोबाइलवर सगळ्याचा व्हिडिओ घेतला. मग मेटेने एक संथ चाल वाजवली आणि तेव्हा जे झालं त्याने इंद्रभानला रात्री नीट झोप लागली नाही. केसरबाई भाकरीचं पीठ मळता मळता गुणगुणायला लागली. मेटेने चाल हळू केली, तिच्या पट्टीशी नेली. केसरबाईने त्या चालीवर विहारातल्या गाण्याची दोन कडवी म्हटली, मोठ्याने, चारचौघांत.

दोन वर्षांपूर्वी तिची धाकटी बहीण जयमाला गेली. दोघी याच गावात दिलेल्या, तीस वर्षं विहारात जोडीने गाणाऱ्या. ती गेल्यापासून केसरबाई मंडळात येऊन बसायची, टाळी धरायची, पण तोंड उघडत नसे. इंद्रभानने सांगून पाहिलं होतं, रागावून पाहिलं होतं. या परक्या बाईने एका संध्याकाळी ते केलं आणि केलं हे तिला माहीतही नव्हतं.

या बाईसाठी आपण काय करावं, हा प्रश्न घेऊन इंद्रभान सकाळी अकॉर्डियनसमोर बसला होता, आणि भुशाचा कण तर दहा मिनिटांत निघाला.

म्हणून त्याने बाकीचे सूर तपासायला घेतले. प्रत्येक सुराला दोन पात्या होत्या, त्याच्या स्वतःच्या दोन ओळींच्या पेटीला असतात तशाच. त्याने एक पाती कागदाने दाबून दुसरी वाजवली, मग उलट केलं. दोघींत फरक होता. पहिली बरोबर, दुसरी केसभर चढलेली. एकत्र वाजल्या की सूर थरथरायचा, उन्हात तापलेल्या रस्त्यावरच्या हवेसारखा. पुढची जोडी तशीच. त्याच्या पुढची तशीच. बेचाळीस जोड्या, बेचाळीसच्या बेचाळीस चुकलेल्या.

त्याला वाईट वाटलं. एवढी गुणी बाई, एवढ्या देशांत वाजवत फिरते आणि कोणी तिची पेटी नीट लावून दिली नाही. काल वाजवतानाही त्याला ते खटकलं होतं, पण पाहुणीला कसं सांगायचं म्हणून तो गप्प होता.

त्याने बारीक कानस काढली. पाती टोकाशी घासली की सूर चढतो, मुळाशी घासली की उतरतो. पोलाद पितळेपेक्षा चिवट, पण शास्त्र तेच. त्याने पहिल्या जोडीतली चढलेली पाती मुळाशी चार वेळा घासली, वाजवली, आणखी दोनदा घासली. थरथर थांबली. सूर ताणलेल्या दोरीसारखा सरळ झाला.

दुपारी ढोलकीवाला जीवन डोकावला. बाहेर रंगरावच्या सोयाबीनची मळणी चालू होती, त्यामुळे त्याला ओरडून बोलावं लागलं. “दादा, बाईनं एकच बटन सांगतलं होतं ना?”

“एक तिचं,” इंद्रभान म्हणाला. “बाकीचे माह्याकडून.”

“जेवले का?”

“तू चाल इथून. कान मोकये ठेवू दे.”

चार वाजून चाळीस मिनिटांनी बेचाळिसावी जोडी सरळ झाली. त्याने खिळ्या मोजून परत लावल्या. चौदा.

मेटे आली ती धुळीने माखून आणि हसत. हातपाय धुऊन तिने अकॉर्डियन मांडीवर घेतलं. इंद्रभान, केसरबाई, नुकतीच कामावरून आलेली धम्मशीला, सगळे समोर बसले. मेटेने एक सूर धरला. मग दुसरा. मग ती थांबली, भाता मिटला आणि अकॉर्डियन उलटंसुलटं करून पाहिलं, आपलंच आहे ना याची खात्री करावी तसं. तिसरा सूर धरला. तिचा चेहरा हसराच राहिला, पण राहिला म्हणजे तिने ठेवला. मग ती धम्मशीलाशी हळू आवाजात काही बोलली.

“काय म्हनते?” इंद्रभानने विचारलं.

“चांगलं झालं म्हनते.”

“धम्मा, खरं सांग.”

धम्मशीला जमिनीकडे पाहत होती. “बाबा, त्या दोन पात्या मुद्दाम येगयेगळ्या ठेवतात. एक बरोबर, दुसरी जराशी वर. त्यातून लहर उठते. ते लहर म्हंजेच त्याचा आवाज. तिच्या गुरुजींनं हातानं बनवलं हे, कानानं लावलं. मागच्या हिवाळ्यात वारले ते.” ती थांबली. “तुमी मायेनं केलं, हे तिले समजते म्हनते. सांगू नको म्हनत होती तुमाले.”

इंद्रभानची नजर कानशीकडे गेली. घासलेलं पोलाद परत येत नाही. हे त्या खोलीत त्याच्याइतकं कोणाला माहीत नव्हतं.

मेटेने उठून त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि शिकलेला एकुलता एक मराठी शब्द म्हटला, “धन्यवाद.” तो शब्द त्याला दिवसभरातल्या कोणत्याही गोष्टीपेक्षा जड गेला.

तो मागच्या अंगणात जाऊन बसला. थोड्या वेळाने केसरबाई आली.

“मले समजलं नाई,” ती म्हणाली. “दोन पात्या होत्या ना? आता बी दोनच हायेत ना? मंग गेलं काय?”

त्याने समजावून सांगितलं. एक सूर मुख्य. दुसरा त्याच्या जवळचा, पण तोच नाही, केसभर वरचा. मी दुसऱ्याला घासून पहिल्यासारखं केलं. आता दोन वाजतात आणि एकच ऐकू येतो.

केसरबाई त्याच्या शेजारी टेकली. “म्हंजे जयमालेले काहाडून टाकलं म्हना.”

इंद्रभानने तिच्याकडे पाहिलं. जयमालाचा आवाज बहिणीच्या आवाजापेक्षा केसभर चढाच असायचा. तीस वर्षं तो दोघींना ओरडत आला होता, एका सुरात म्हना, एका सुरात म्हना. त्या कधी एका सुरात आल्या नाहीत, आणि लोक त्यांचंच गाणं पुन्हा म्हणायला लावायचे.

“बाबा,” दारातून धम्मशीला म्हणाली. तिच्या हातात मोबाइल आणि वही होती. “कालचा व्हिडिओ हाय माह्याकडे. मी लहरी मोजल्या. हा खालचा सूर, दहा सेकंदांत एकवीस लहरी. हा मधला, तेहतीस. सगळ्यात वरच्यांत पन्नासच्या आसपास. कागदावर ठिपके मांडले त सगळे एका वळनावर बसले, पाहा.”

त्याने पाहिलं. ठिपके खरंच एका वळणावर होते, ओढ्याच्या काठासारखे.

“बेचाळीस जोड्या चुकल्या असं तुमाले वाटलं,” ती म्हणाली. “पन सगळ्या एकाच बाजूले चुकल्या होत्या ना? चूक अशी नसते बाबा. चूक कधी इकडं होते, कधी तिकडं.”

“मले काऊन नाई सुचलं हे?”

“मी लॅबमध्ये पोराइले दररोज सांगते म्हनून मले सुचलं. किती घासलं तुमी?”

“लय नाई. सहा-सात हात. फार त धा.”

“टोकाशी घासलं त चढते ना परत?”

“चढते. पन पाती पातय होते. दोन्हीकून.” तो वहीतल्या आकड्यांकडे पाहत राहिला. “मेटेबाईले इचार. माह्या हातात पुन्हा देते का म्हनाव.”

मेटेने दिलं. आत जाऊन ती स्वतः अकॉर्डियन घेऊन आली आणि त्याच्या हातात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला त्याने खिळ्या काढल्या. मोजल्या. धम्मशीलाने सुट्टी घेतली होती. ती वहीतला आकडा सांगायची, तो पातीच्या टोकाशी कानस फिरवायचा, मेटे बटण धरायची. सुरुवातीला धम्मशीला मोबाइलचं घड्याळ लावून लहरी मोजत होती. अकराव्या जोडीपासून इंद्रभान म्हणाला, “आता तू सांगू नको. मी लावतो, मंग पाह्य.” त्याने डोळे मिटले. तो काय ऐकत होता ते कोणाला सांगण्याची गरज नव्हती. त्याने कानस ठेवली. धम्मशीलाने मोजलं. वहीत सत्तावीस होतं, आलं सव्वीस. पुढच्याला अठ्ठावीस होतं, अठ्ठावीस आलं.

“बाबा, हे कसं काय?”

“तुह्या मावशीले तीस वर्षं ओरडलो ना. ध्यानात हाय किती चढत होती ते.”

केसरबाई ऐकत होती. तिने तिघांसाठी चहा ठेवला आणि चुलीशी, त्यांच्याकडे पाठ करून, बराच वेळ उभी राहिली.

दुपारी सव्वादोनला, अडतिसाव्या जोडीवर, पाती तडकली. आवाज अगदी बारीक आला, काडेपेटीची काडी मोडावी तेवढा. वरच्या सप्तकातली पाती, आधीच पातळ, मुळाशी काल घासलेली. इंद्रभानने ती भिंगाखाली धरली. मुळाशी आडवी रेघ पडली होती.

मेटेने हात पुढे केला, पाती तळव्यावर घेतली, आणि काही बोलली. धम्मशीलाने सांगितलं, “राहू द्या म्हनते. एक सूर सरळ राहिला तरी चालते. बाकीचे आले हेच लय झालं.”

“तिले म्हनाव, तू जेवून घे,” इंद्रभान म्हणाला. “मी पाह्यतो डब्यात काई जुनं हाय का.”

जुन्या सुरांचा, पेट्यांतून काढलेल्या पात्यांचा, डबा फळीवर होता. त्याने तो काढला, पालथा केला, त्यातलं सगळं पाहिलं. एवढी लहान, एवढी शुद्ध पाती त्यात नव्हती. मग त्याने खोलीचं दार लोटून घेतलं आणि स्वतःची पेटी उघडली. दुसऱ्या ओळीतला वरचा एक सूर बाहेर काढला, त्याची पितळी पाती सोडवली आणि कानशीवर तिची बाजू घासून अकॉर्डियनच्या खाचेत बसेल अशी केली. धम्मशीला पाणी घेऊन आली तेव्हा पेटी उघडी होती. तिने पाहिलं. तिने पाण्याचा तांब्या खाली ठेवला आणि दार पुन्हा लोटून घेतलं.

पाती बसली. मेटे परत आली, तिने बटण धरलं, धम्मशीलाने मोजलं. “दहा सेकंदांत अडतीस. बाबा, वहीत शेचाळीस हाय. अजून घासा.”

“नाई.”

“आठ कमी हायेत!”

“राहू दे. बाकीच्या पात्या पोलादाच्या, हे एकच पितळेची. पितळ थंडीत जास्त चढते. माह्या पेट्या पूसात आनि वैशाखात एकसारख्या कधी बोलल्या का? इथं आज ऊन केवढं हाय. तिच्या गावाले थंडी किती असन?”

धम्मशीलाने विचारलं. मेटे म्हणाली, हिवाळ्यात तिच्या खोलीत सतरा अंश असतं. बाहेरचं विचारू नका.

“इथं सध्या तेहतीस,” धम्मशीला म्हणाली. “सोळा अंशांचा फरक. पन त्यानं बरोबर आठ चढतीन हे कशावरून?”

“कशावरून नाई,” इंद्रभान म्हणाला. “अंदाज हाय. चुकला त तिच्या घरी चुकन, आनि मी तिथं नसन.”

मेटेला ते सांगितल्यावर ती जोराने हसली. काल संध्याकाळपासूनचं तिचं ते पहिलं मोकळं हसू होतं. तिने पितळी पातीवर बोट टेकवून विचारलं, ही कुठून मिळाली.

“डब्यातली,” इंद्रभान म्हणाला. “जुनी पडली होती.”

धम्मशीलाने ते जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं.

सहाला विहाराचं अंगण भरलं. रंगराव मळणीचा भुसा झटकत येऊन पुढेच बसला. “आमच्या बीडच्या पाहुनीले आयकाले आलो,” त्याने सगळ्यांना सांगितलं. वंदना झाली. मंडळाची दोन गाणी झाली. तिसऱ्याला मेटेने अकॉर्डियन घेतलं, आणि पहिल्याच सुराला ती थरथर अंगणात पसरली, जुनी, तिच्या गुरुजींची. तिने डोळे मिटले. इंद्रभानने तिच्या चेहऱ्याकडे एकदाच पाहिलं आणि पुन्हा आपल्या पेटीवर मान घातली.

केसरबाईला म्हणायला कोणी सांगितलं नव्हतं. ती टाळी धरून बसली होती. दुसऱ्या कडव्याला तिने टाळी थांबवली आणि म्हणायला लागली. आवाज सुरुवातीला घोगरा निघाला, मग सुटला. मेटे तिच्या जवळ सरकली. चार कडवी झाली. जीवन ढोलकीवर इतका रंगला की शेवटची सम त्याची चुकली, आणि रंगराव म्हणाला, “घ्या! बीडची चुकली नाई, आमचाच चुकला.”

घरी जाताना केसरबाई म्हणाली, “तुमच्या पेटीत वरचा एक सूर बारीक लागला आज. एकट्यावानी.”

“हाव,” इंद्रभान म्हणाला.

थोडं पुढे गेल्यावर तिने त्याच्या हातातली पेटी स्वतःकडे घेतली. तशी ती कधी घेत नसे.

दुसऱ्या दिवशी निघताना मेटेने लाकडावर कोरून छापलेली एक पुस्तिका त्याला दिली. कोऱ्या मागच्या पानावर तिने धम्मशीलाकडून मराठी अक्षरं गिरवून घेतली होती : इंद्रभान, गाणी करणारा, पेट्या लावणारा, पाणी सोडणारा. त्याने ते पान दोनदा वाचलं. मग तिला म्हणाला, “तू आली हे लय बरं झालं, बाई. आमच्या घरचं गाणं परत आलं.” हे तिला इंग्रजीत सांगताना धम्मशीलाला थोडा वेळ लागला.

जानेवारीत एका रविवारी सकाळी मेटेचा संदेश आला. खाली तिने लिहिलं होतं, खोलीत सतरा अंश, बाहेर उणे चार. वर एक ध्वनिफीत होती. एकच बटण, पितळी पातीचं, एकच सूर, लांब धरलेला. इंद्रभान आणि केसरबाई ओट्यावर उन्हात बसले होते. धम्मशीलाने मोबाइल दोघांच्या मध्ये ठेवला, वहीत शेचाळीसचा आकडा काढला, घड्याळ लावलं आणि बोटांनी मोजायला लागली.

दहा सेकंदांत पंचेचाळीस.